मोटारीची खरखर

मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या लागल्या की बर्फाच्या कारखान्यांना उसंत नसते. मोटारींचा वेग कमीजास्त करण्यासाठी अशा कारखान्यांत हल्ली ‘ड्राइव्ह’ नावाची पेटी बसवतात. त्याने वीज वाचते, हे खरे. पण पेटी सुरू झाली की जवळच्या रेडिओत मिडियम वेव्हवर खरखर येते, आणि कधी शीतगृहातल्या तापमापकाचा आकडाही नाचू लागतो. खरखर एक वेळ सोसता येईल. आकडा खोटा निघाला तर आतला माल गेलाच म्हणायचा!

असे का व्हावे? ही पेटी सेकंदाला हजारो वेळा वीज जोडते आणि तोडते. दार हळू लोटले तर आवाज होत नाही, धाडकन आपटले तर घर दणाणते, तसेच हे. प्रत्येक झटक्यासरशी थोडी वीज मोटारीच्या वेटोळ्यातून तिच्या लोखंडी अंगात उतरते. तिला परत जायचे असते, पण जमिनीत नव्हे. ज्या पेटीतून निघाली त्याच पेटीत. जवळची वाट नसेल तर ती पाइप, चौकटी, शेजारच्या तारा, जे सापडेल त्यातून भटकते. गुरुजींनी ट्रान्झिस्टर स्टेशन नसलेल्या जागी लावून केबलच्या कडेने फिरवावा. मुलांना ही भटकंती ऐकू येईल.

आपल्याकडे जांभा दगड. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, मग त्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओततात. जिवाच्या रक्षणासाठी ते हवेच, पण खरखर त्याने जाईलच असे नाही. त्यासाठी पेटीपासून मोटारीपर्यंत धातूचे कवच असलेली आखूड केबल घ्यावी आणि कवच दोन्ही टोकांना सबंध गोलाईने पट्टीत आवळावे. पुष्कळ वायरमन कवच पिळून त्याची शेपटी करतात नि स्क्रूखाली दाबतात. इतक्या जलद झटक्यांना ती शेपटीसुद्धा अडथळाच. तापमापकाची तार हातभर दूरून न्यावी. ओलांडावी लागली तर काटकोनात.

या गळतीने काही ठिकाणी ईएलसीबी वारंवार पडतो. मग कुणी हुशार माणूस मोटारीची अर्थची तारच काढून ठेवतो! खटका पडायचा थांबतो खरा. पण बर्फाच्या कारखान्यात जमीन सदा ओली, तीही मिठाच्या पाण्याने. मोटारीचे इन्सुलेशन फुटले तर तिला हात लावणाऱ्याचे काय? ती तार आधी पुन्हा जोडावी, ड्राइव्हला चालणारा खटका बसवावा, आणि जोडण्या-तोडण्याचा वेग थोडा उतरवून पाहावा. मोटार जरा जास्त गुणगुणेल, एवढेच.