टीव्हीच्या कापलेल्या कडा

जुन्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि चित्राच्या कडा कापल्या गेल्या, की आपण आधी केबल हलवून बघतो. बिचाऱ्या केबलचा दोष नसतो! पिक्चर ट्यूबच्या काळात विजेचा दाब घसरला की चित्र आकसायचं, कडा वाकड्या दिसायच्या. म्हणून चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच काढत. ही सवय सपाट टीव्हींनीही उगाच उचलली. त्यांच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ शोधा. नाव कंपनीगणिक बदलतं, काम एकच. नसेल, तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्र लहान करून पाहा. पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्टचा दाब टिकून राहू शकतो.