जपानी भाषेतील ‘मी’ आणि ‘तुम्ही’



मराठीत राजाही ‘मी’ म्हणतो आणि रंकही ‘मी’च म्हणतो. जपानी भाषेत मात्र ‘मी’साठी अनेक शब्द आहेत. सभ्य व्यवहारात ‘वाताशी’, अधिक औपचारिक प्रसंगी ‘वाताकुशी’, मुलग्यांच्या तोंडी ‘बोकु’, तर पुरुषांच्या सलगीच्या बोलण्यात ‘ओरे’.

द्वितीय पुरुषात याहूनही जपावे लागते. कोशात ‘आनाता’चा अर्थ ‘तुम्ही’ असा आढळतो. परंतु विद्यार्थ्याने गुरुजींना ‘आनाता’ म्हणणे उद्धटपणाचे ठरते. तेथे ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, हा शब्दच सर्वनामाचे काम करतो. पुष्कळदा तर सर्वनाम गाळलेच जाते; कर्ता कोण हे संदर्भावरून आणि क्रियापदाच्या आदरार्थी रूपावरून उमगते. ‘ओमाए’ हा शब्द एके काळी आदरार्थी होता. आज तो सलगीचा किंवा तुच्छतेचा झाला आहे.

१९५२ साली जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेने ‘वाताशी’ व ‘आनाता’ ही प्रमाण रूपे म्हणून सुचविली. भाषेतील आदर परस्परांच्या सन्मानावर उभा राहावा, हा त्यामागील हेतू होता. ‘वाताशी’ रुळला, वडीलधाऱ्यांसाठी ‘आनाता’ मात्र आजही रुळलेला नाही. शब्द नेमून देता येतो, त्यातील मान नेमून देता येत नाही.

म्हणून ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ शिकविताना केवळ तक्ता पाठ करून घेणे पुरेसे नाही. कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी, हे प्रश्नही विचारावेत. गुरुजी सर्व घरच्या मुलांना एकाच सर्वनामाने हाक मारतात की नाही, हे मुले व्याकरणाच्या आधी शिकतात.