बारा व्होल्ट नावाचे

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला आलेली मंडळी कधी मुक्काम करतात. मग जीपच्या बॅटरीवर एलईडीची माळ लागते आणि लवकरच जळते. दोष नेहमी माळेचा नसतो. ‘बारा व्होल्ट’ हे नुसतं नाव. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट देते, इंजिन चालू असताना चौदाच्या वर जाते, स्टार्टर मारताना दहापर्यंतही कोसळते. (आमच्या वृत्तातल्या मात्रा एवढ्या ढळत नाहीत!) माळेला व्होल्टेज उतरवणारा स्टॅबिलायझर पुरतो. स्टार्टर मारताना बंद पडणाऱ्या बारा व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र उतरवणारा आणि चढवणाराही हवा. फ्यूज बॅटरीलगतच बसवा. तार वाटेत पत्र्याला घासून उघडी पडली, तर माळेजवळचा फ्यूज ती पेटण्यापासून वाचवणार नाही.