झोप लागते का?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या विद्वत्तेविषयी पूर्वीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. मी त्यांच्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहे.

१९७८ साल. मी दहावीत होतो. आई जाऊन सहा महिने झाले होते. पहाटे तीनला जाग येई, पुस्तक उघडले तरी ओळ पुढे सरकत नसे आणि धाकट्या भावावर विनाकारण हात उगारला जाई. घरचे म्हणत, पोरगा शेफारला. सरांनी मला शाळा सुटल्यावर नकाशे गुंडाळण्यास थांबवून घेतले. आठ दिवस ते काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी विचारले, "रात्री झोप लागते का रे?" मला रडू कोसळले. ते शांतपणे नकाशाला दोरी बांधत राहिले. मग म्हणाले, "जीव नकोसा होतो का?" मी मान हलवली.

धारवाडला मनोरुग्णालय असल्याने आमच्या बेळगावच्या घरात त्या गावाचे नावही दबक्या आवाजात घेतले जाई. सरांनी वडिलांची समजूत घातली आणि स्वतः मला बसने तेथे नेले. उपचार बरेच महिने चालले. मी बरा झालो.

या वयातील नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपाने प्रकटते. झोप मोडते, आवडीच्या खेळातूनही मन उडते. दोन आठवडे असेच चालले, तर त्याला आळस वा उद्धटपणा म्हणू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. म्हणजे साठांच्या वर्गात चार जण. जीव देण्याविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

एक कबुली द्यावयाची आहे. पुढे मीही शिक्षक झालो. एक हुशार मुलगा अचानक गृहपाठ आणीनासा झाला. अभ्यासक्रम मागे पडला होता. मी त्याला तीनदा वर्गाबाहेर उभे केले. नंतर तो शाळेत आलाच नाही. सरांचा प्रश्न मला, निदान मला तरी, आठवावयास हवा होता.

मुख्याध्यापकांच्या अनुमतीने सभेनंतर मी भूगोलाच्या दालनात तासभर थांबणार आहे. ज्यांना बोलावयाचे असेल त्यांनी यावे. पालकांनीही.