दानधर्म आणि कचऱ्याची विल्हेवाट
(संस्थेच्या महोत्सवानिमित्त नार्नूर येथे केलेले भाषण)



संस्थेच्या कार्याचा गौरव आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मी मास्तर माणूस. कौतुकाबरोबर थोडा गृहपाठही द्यावा, ही आमची खोड. म्हणून मी विषय घेतला आहे कचऱ्याचा. मंगल प्रसंगी तो काढल्याबद्दल क्षमा असावी.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर आवराआवर माझ्याकडे होती. फुटलेली ट्यूबलाइट, उष्ट्या पत्रावळी, कागद, सारे एकाच पोत्यात भरून मी दाराबाहेर ठेवविले. सकाळी सफाई करणाऱ्या बाईंनी पोते उचलले आणि काच त्यांच्या तळहातात शिरली. टाके पडले, पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, काच वेगळी ठेवली असती तर?" मुलांना नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मला कळले की, आपल्या दारातून गेलेला कचरा नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी हातात, शेतात, नाहीतर मुक्या जनावराच्या पोटात जातो.

आपल्यापैकी पुष्कळांची लहान दुकाने आहेत. त्यांना माझे सांगणे सोपे आहे: दुकानात दोन डबे आणि एक पोते ठेवा. एका डब्यात चहाचा चोथा, भाजीचा पाला, उष्टे असे कुजणारे टाका. पोत्यात पुठ्ठा, बाटल्या, पत्रा जमवा; भंगारवाला त्याचे पैसे देईल. दुसऱ्या डब्यात काच, ब्लेड, खिळे ठेवा आणि तो देताना तोंडाने सांगा. गॅरेजवाल्यांनी जुने तेल गटारात ओतू नये. ते डब्यात साठवून जुन्या तेलाच्या खरेदीदारास द्यावे. औषधांच्या दुकानदारांनी मुदत संपलेली औषधे घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवावीत. आणि प्लॅस्टिक कोणीही पेटवू नये. त्याचा विषारी धूर प्रथम आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

कुजणारा कचरा तर आपले धन आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी 'नाडेप' खताची पद्धत घालून दिली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधावयाचे आणि त्यात पालापाचोळा, शेणकाला व माती यांचे थर द्यावयाचे. सुमारे 100 किलो शेणात दीड टनापर्यंत काडीकचऱ्याचे खत तीन-चार महिन्यांत होते. आपल्या कापसाच्या जमिनीला याहून चांगली देणगी कोणती?

आता संस्थेविषयी. आपण अन्नदान करतो, आरोग्य शिबिरे भरवितो. प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे यांवर देशात 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आपल्या रानच्याच आहेत. शिबिरातील सुया आणि मलमपट्ट्या यांना 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत. सुया न टोचणाऱ्या बंद डब्यात ठेवून डॉक्टरांच्या हवाली केल्याशिवाय शिबिर संपले, असे म्हणू नये. कपडे वाटताना फाटके कपडे गरिबाच्या पदरात टाकू नयेत. तो आपलाच कचरा त्याच्या घरी पाठविणे होय.

2019 साली तेलंगणात सुरू झालेल्या 'पल्ले प्रगती' कार्यक्रमात ग्रामपंचायतींना कचरा वाहण्यासाठी ट्रॅक्टर मिळाले. पण ट्रॅक्टर कचरा वाहून नेईल, निवडणार नाही. निवड आपल्या हातची आहे.

आमच्या धर्मात वाटेतील काटा दूर करणे हाही सदका, म्हणजे दानच मानला आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज (1876–1956) आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. वाटा दोन, पण शिकवण एकच.

माझी विश्वस्तांस विनंती एवढीच: यापुढे प्रत्येक कार्यक्रमाच्या खर्चपत्रकात जेवणाच्या खर्चाखाली आवराआवरीच्या खर्चाची एक ओळ असावी, आणि दोन सभासदांची नावे त्यापुढे लिहावीत. आजच्या कार्यक्रमासाठी पहिले नाव माझे लिहा. काचेचा डबा मी बरोबर आणला आहे.