शिक्षकांचे नवे साहस आणि मुलांच्या हाती संगणकाची लिपी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शास्त्रदान म्हणजे ज्ञानाचे दान. ज्ञानपंचमीला आपण पोथ्यांचे पूजन करतो, त्यामागे हीच भावना आहे. आजच्या मुलाला द्यावयाच्या ज्ञानात एका नव्या लिपीची भर पडली आहे. तिला व्यवहारात ‘कोडिंग’ म्हणतात. ती लिपी मुलांपर्यंत कोण नेणार आणि त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

कोडिंग म्हणजे यंत्राला पायरीपायरीने, संदिग्धता न ठेवता दिलेली आज्ञावली. ही कल्पना कापडाच्या व्यवसायाला परकी नाही. फ्रान्समध्ये जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास मागावर छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पत्रे बसविली. छिद्र असेल तेथे उभा धागा उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. पत्रे बदलली की नक्षी बदले, माग तोच राही. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच पत्रे योजिली आणि एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये त्या यंत्रावरील आपल्या टिपणांत गणिताची आज्ञावली मांडली. संगणकाच्या वंशवृक्षाचे एक मूळ असे मागाच्या खड्ड्यात आहे.

दुसरे उदाहरण आपल्या आचार्यांचे आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात छंदःशास्त्राचा विचार करताना एक प्रश्न सोडविला. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, तर ठराविक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? शेवटचे अक्षर लघु असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन कमी उरतात. म्हणून मागील दोन संख्यांची बेरीज केली की पुढील संख्या मिळते : १, २, ३, ५, ८, १३. युरोपात हीच संख्यामाला फिबोनाची याच्या १२०२ मधील ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली. आज संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच्या अभ्यासात बहुधा हीच माला लिहावयास देतात. पाठशाळेतील मुलाला हे कळले, तर कोडिंग त्याला परदेशी वस्तू वाटणार नाही.

तथापि वर्गात हे नेण्याचे काम शेवटी शिक्षकालाच करावे लागते. जे स्वतः कधी शिकलो नाही ते मुलांसमोर कसे मांडावे, हा त्याचा संकोच स्वाभाविक आहे. त्यावर उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी कुरणशाळा काढली, शाळाच मुलांकडे नेली. पाने, बिया, शंखशिंपले हे त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. त्या कार्याचा कोणताही तयार नमुना त्यांच्यापुढे नव्हता.

अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ मध्ये रुजू झाले. अनेक मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून ते स्वतः कन्नड शिकले. पाठ्यपुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड घातले, जेणेकरून मुलाला कविता ऐकता यावी, धडा पाहता यावा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ही पद्धत आली. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोड वापरणे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे नव्हे, हे खरे. परंतु शिक्षकाने आधी स्वतः विद्यार्थी व्हावे लागते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सुचविले आहेत. साधनेही महाग नाहीत. अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी खुली केलेली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली विनामूल्य आहे. तीत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांस जोडावयाचे असतात. एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचूनही ती चालते. आरंभ तर संगणकाशिवायही होतो. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. ‘पन्नास पावले पुढे जा, एकशेवीस अंश वळ, हे तीन वेळा कर’ अशी आज्ञा मैदानावर एका मुलाने दिली आणि दुसऱ्याने पाळली, की भूमीवर त्रिकोण उमटतो. डहाणू-पालघरच्या मुलाला घराच्या भिंतीवरून ओळखीची असलेली आकृती येथे गणित होऊन येते.

या अभ्यासात आणखी एक संस्कार आहे. आज्ञावली चुकली तर यंत्र रागावत नाही, केवळ काम होत नाही. मुलाला मागे जाऊन प्रत्येक पायरी तपासावी लागते, दोष शोधून दूर करावा लागतो. प्रतिक्रमणाची आत्मशुद्धी याहून फार उंच आहे. तरीही आपली चूक दुसऱ्यावर न ढकलता स्वतः पाहण्याची सवय लहान वयात अशीही लागू शकते.

आता मूळ प्रश्न. बोईसर-तारापूर हा यंत्रांचा प्रदेश आहे. १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र येथे सुरू झाले. औद्योगिक वसाहतीत कापड, रसायन, औषध, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. त्यांतील यंत्रे आता संगणकाच्या आज्ञेवर चालू लागली आहेत. कारखान्याच्या कुंपणालगतच्या पाड्यातील मुलाने त्या यंत्राजवळ केवळ हमाली करावी, की त्याला आज्ञा द्यावी, हे पुष्कळ अंशी त्याच्या सहावी-सातवीच्या वर्गात ठरणार आहे.

धर्मादाय संस्था बहुधा संगणक देतात, फलक लावतात, छायाचित्र काढतात. पुढे पावसाळ्यात वीज जाते, एखादा भाग बिघडतो, आणि यंत्रावर कापडाचे आच्छादन कायमचे पडते. म्हणून सुवर्णमहोत्सवी निधीतून यंत्रांइतकाच, किंबहुना अधिक, खर्च शिक्षकांवर व्हावा. महिन्यातून एका शनिवारी परिसरातील शिक्षकांचा अभ्यासवर्ग भरवावा, त्यांचा प्रवासखर्च द्यावा, दुरुस्तीसाठी एक तंत्रज्ञ नेमावा. वसाहतीतील अभियंत्यांनी आणि आपल्या समाजातील संगणक शिकलेल्या मुलामुलींनी तेथे वेळ द्यावा. या वर्गाचे द्वार आश्रमशाळा आणि जिल्हा परिषद शाळांनाही खुले असावे. दान स्वजनांपुरते राहिले तर तो घरखर्च होतो.

पालकांनीही धीर धरावा. महागड्या शिकवण्यांच्या जाहिराती पाहून आठ वर्षांच्या बालकाकडून उत्पन्नाची अपेक्षा करणे हे शिक्षण नव्हे. प्रत्येक मूल अभियंता होणार नाही, व्हावे असेही नाही. परंतु क्रमाने विचार करणे, तो स्पष्ट शब्दांत मांडणे आणि चूक सुधारणे हे दुकानदारालाही लागते, गृहिणीलाही लागते.

पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टच्या संस्थापकांनी जो दीप लावला, त्यात पुढील पन्नास वर्षांसाठी तेल घालण्याची ही वेळ आहे. विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार येत्या सभेत करावा आणि पहिला अभ्यासवर्ग याच शैक्षणिक वर्षात भरावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!