आधी कागद वाचा, मग चावी घ्या
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही गाडीविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर हातात खडू धरला, त्यांना मोटारीतले काय कळते? खरे आहे. आम्हाला मोटार चालवता येत नाही. पण मोटारीच्या एका कागदापायी आमच्या घरावर मोठा प्रसंग आला. तो सांगावा आणि त्यातून चार गोष्टी तुमच्या पदरात पडाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे.

पूर्वी गावात एखादी जीप असे. आता आळीआळीत मोटार दिसते. पोरगा अठराचा झाला की घरात बोलणे सुरू होते. सोयाबीनचे पैसे आले, उसाचे बिल आले, की जुनी का होईना पण गाडी घ्यायची. गाडी आली की ती आधी तुळजापूरला जाते. आईच्या दारात हार, नारळ, लिंबू होते. रीत चांगली आहे. पण गाडीचे कागद किती जण वाचतात? ज्यांनी वाचले त्यांनी हात वर करा, असे म्हटले तर आमचाच हात वर जाणार नाही. ऐका तर.

सन २००९ ची गोष्ट. आमच्या थोरल्या भावाच्या मुलाने जुनी मोटार घ्यायचे ठरवले. वय एकोणीस. शिकाऊ लायसन्स काढून तीन आठवडे झालेले. दलाल म्हणाला, "गाडी एक नंबर आहे. कागद क्लिअर आहेत. विमा चालू आहे." आमचा भाऊ शाळेत गेलेला नाही. त्याने कागदांची पिशवी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, तू बघितलंस म्हणजे झालं."

आम्ही कागद खालीवर केले. गाडीचा नंबर पाहिला, नाव पाहिले. विम्याचा कागद इंग्रजीत होता, बारीक अक्षराचा. खाली शिक्का होता. शिक्का पाहून आमचे समाधान झाले. "ठीक आहे," असे आम्ही म्हणालो. विमा कोणत्या तारखेला संपतो, ते त्याच कागदावर लिहिले होते. ती तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. त्यात कठीण इंग्रजी काही नव्हते, नुसते आकडे होते. पोरांना जन्मभर फळ्यावर तारीख लिहायला शिकवली, आणि तीच तारीख आम्ही वाचली नाही.

गाडी घरी आल्यावर चौथ्या दिवशी दिवेलागणीला पोरगा एकटाच गाडी घेऊन निघाला. शेजारी जाणता माणूस नाही, गाडीवर शिकाऊची पाटी नाही. शेजारच्या गावचा एक दूधवाला सायकलवर घरी चालला होता. समोरून आलेल्या ट्रॅक्टरचा उजेड पोराच्या डोळ्यांवर पडला. तो गोंधळला, ब्रेक सापडला नाही, आणि सायकलला धडक बसली. माणूस वाचला, ही देवाची कृपा. पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्याच्या घरी म्हातारी आई आणि दोन मुली. त्याने भरपाईचा दावा लावला, आणि तो लावायलाच हवा होता. विमा कंपनीने सांगितले, अपघाताच्या दिवशी विमा नव्हता. तेही खरेच होते. निकाल लागला. साडेचार लाख रुपये आणि वर व्याज, गाडीच्या मालकाने द्यावे. भावाने दीड एकर काळी जमीन विकली. आम्ही आमच्या फंडातले पैसे घातले. तरी सगळे एकदम फिटले नाही. हप्त्याहप्त्याने तीन वर्षे लागली.

जमीन गेली, याचे दुःख आहेच. पण तो दूधवाला कुबडी टेकीत आमच्या दारात हप्त्याला यायचा. ओट्यावर बसून पाणी मागायचा. आम्हाला कधी वाकडा शब्द बोलला नाही. ते आम्ही विसरू शकत नाही. लहान मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याला तेव्हा वर्षाला हजार रुपयेही पडत नव्हते. तेवढ्यासाठी हे सारे झाले.

गाडी पारखून घ्या

आता पहिली गोष्ट, गाडी कशी निवडावी. बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, पाठीवर हात फिरवतो आणि जुंपून चार पावले चालवतो. नुसत्या शब्दावर बैल कोणी दावणीला आणत नाही. गाडीचेही तसेच आहे.

ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा. गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. मागून निळा धूर आला तर इंजिन ऑइल खाते, असे समजावे. चारही टायर पाहावे. टायर एकाच अंगाने झिजला असेल तर चाकाच्या जोडणीत काही तरी बिघाड आहे. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक दाबावा. गाडी एका बाजूला ओढते का, ते पाहावे. एकाच दरवाजाचा रंग वेगळा दिसला तर विचारावे, गाडी कुठे ठोकली होती?

शिकणाऱ्याने लहान इंजिनाची, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील अशी गाडी घ्यावी. ऐपत असेल तर १ जुलै २०१९ नंतर बनलेली पाहावी. त्या तारखेपासून बनलेल्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग, म्हणजे धडकेच्या वेळी फुगणारी हवेची पिशवी, असावीच लागते. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी सोयही तिच्यात असते. तिला ए.बी.एस. म्हणतात. नव्या हाताला या दोन्हींचा मोठा आधार आहे.

मग कागद. आर.सी. बुकावर इंजिनचा नंबर आणि चासीचा नंबर असतो. ते गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवावे. सातबाऱ्यावर जसा बँकेचा बोजा असतो, तसा आर.सी.वरही असतो. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांवर एम.एच. २५ असते, ते धाराशिवच्या आर.टी.ओ. कचेरीचे चिन्ह आहे.

"नाव काय, पुढच्या वर्षी करू," असे कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे की, नोंदीत ज्याचे नाव तोच भरपाईसाठी मालक. म्हणजे गाडी विकून पैसे खर्चून बसलेला माणूससुद्धा अडकतो. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही हे ध्यानात धरावे.

विमा कोणासाठी?

आता विमा. आपल्याकडे भिशी असते. सगळे थोडे थोडे घालतात आणि पाळीने एकेकाला रक्कम मिळते. विमा ही भिशीची थोरली बहीण समजा. इथेही सगळे थोडे थोडे घालतात. फरक एवढाच, की रक्कम पाळीने मिळत नाही. ज्याच्यावर वेळ येते त्यालाच मिळते.

विमा दोन तऱ्हेचा. पहिला थर्ड पार्टी. पहिला पक्ष आपण, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा तो रस्त्यावरचा माणूस. आपल्या गाडीने त्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, यासाठी हा विमा आहे. तो ऐच्छिक नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या खेपेला दोन हजार रुपये दंड, नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दंड चार हजार. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर कोर्ट ठरवील तेवढी रक्कम या विम्यातून मिळते. कोणाचे घर, दुकान, गाडी मोडली तर साडेसात लाखांपर्यंत मिळते. २०२२ साली ठरलेल्या दराप्रमाणे हजार सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीला हा हप्ता वर्षाला २०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सी.सी.ला ३४१६ रुपये होता. वर कर निराळा. घेताना चालू दर विचारून घ्यावा.

दुसरा, पूर्ण विमा. त्यात थर्ड पार्टी तर येतेच, शिवाय आपली गाडी मोडली, जळाली, चोरीला गेली, पुरात वाहून गेली तरी भरपाई मिळते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या मोटारीत बसलेल्या पाहुण्यांची सोय नुसत्या थर्ड पार्टीत होत नाही, पूर्ण विम्यात होते. लग्नाला, जत्रेला घरची माणसे भरून नेणाऱ्याने याचा विचार करावा.

तिसरी एक रक्कम मालकाच्या स्वतःच्या जिवासाठी असते, पंधरा लाखांची. पण ती मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. बापाच्या नावावर गाडी आणि बापाला चालवता येत नाही, असे पुष्कळ घरी असते. गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हे ठरवताना ही गोष्ट विचारात घ्यावी.

जुनी गाडी घेतली की चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यावा. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपल्याकडे येतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय येत नाही. मागच्या मालकाने कधी दावा केला नाही म्हणून त्याला मिळालेली हप्त्यातली सूटही येत नाही. ती माणसाची असते, गाडीची नव्हे. तुम्ही वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी तुम्हाला नुकसानीच्या हप्त्यात शेकडा वीस सूट मिळते. पुढे ती वाढत पन्नासपर्यंत जाते.

आणि हेही सांगून ठेवतो. दारू पिऊन चालवली, लायसन्स नसताना चालवली, किंवा खासगी गाडीत भाड्याची माणसे भरली, तर कंपनी हात वर करू शकते. जखमी माणसाला तिने पैसे दिले तरी ते मालकाकडून वसूल करायची मुभा कोर्ट तिला देते.

शिकाऊ चालकाची शिस्त

आता तरुण पोरांनो, तुमच्याकडे वळतो. मोटारीचे शिकाऊ लायसन्स अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधी त्यात रस्त्यावरच्या खुणांची परीक्षा असते. ते सहा महिने चालते. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. या काळात दोन नियम आहेत. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी एल हे अक्षर पाहिजे. आणि पक्के लायसन्स असलेला, वेळ पडल्यास गाडी थांबवू शकेल असा माणूस शेजारी बसलेला पाहिजे.

ही नुसती पोलिसाची भीती नाही. विम्याच्या कागदावरच लिहिलेले असते, की शिकाऊ माणूस गाडी चालवू शकतो, पण तो हे नियम पाळत असला पाहिजे. शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटले आहे. म्हणजे नियम पाळले तर विमा तुमच्या पाठीशी आहे. नियम मोडले तर तुम्ही कंपनीच्या हाती आयते कारण देता.

सुरुवातीला मोकळ्या माळावर, उजेडात शिकावे. सोलापूर-धुळे महामार्ग, नळदुर्ग-उमरग्याचा हैदराबाद रस्ता, तुळजापूरचा घाट, यांची घाई करू नये. गाळप हंगामात तर रात्रीचे निघूच नये. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच, असा भरवसा नाही.

आई-बापांनाही एक सांगणे. अठराच्या आतल्या पोराच्या हाती मोटारीची चावी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याची शिक्षा पालकाला किंवा मालकाला आहे. पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

शेवटी

मंडळी, तुम्ही या वर्गात अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. कोणी विचारील, या वयात वाचून काय करायचे? आम्ही म्हणतो, तारीख वाचायची. आमच्या घरी वाचणारा माणूस होता, पण त्याने वाचले नाही. न शिकलेल्या भावाने शिकलेल्या भावावर भरवसा टाकला, आणि शिकलेल्याने शिक्का पाहून मान डोलावली. तुम्ही कोणाच्या मान डोलावण्यावर जाऊ नका. शिक्का पाहू नका, तारीख पाहा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरी मोटार असो, मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, कागदांची पिशवी काढा. तीन तारखा शोधा: नोंदणी कधी संपते, विमा कधी संपतो, धुराचे पी.यू.सी. कधी संपते. कागद सापडला नाही तर पोराच्या मोबाइलवर सरकारचे एम-परिवहन अ‍ॅप उघडायला सांगा. तिन्ही तारखा खडूने दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. येता-जाता दिसल्या पाहिजेत.

आमच्या दारावर त्या लिहिलेल्या आहेत. दर वर्षी जुनी विम्याची तारीख पुसताना आम्हाला त्या दूधवाल्याच्या कुबडीचा आवाज आठवतो. तुमच्या दारात तो आवाज कधी न येवो.

रामराम.